दोघांच्या नावाखालची ओळ

त्या दुपारी त्या घरात भीतीची वाटणी झाली, आणि या घराण्यातल्या आजवरच्या सगळ्या वाटण्यांप्रमाणे तीही सारखी झाली नाही. सगळ्यात मोठा हिस्सा आईकडे आला आणि तिने तो नेहमीप्रमाणे कुणाला न दाखवता ठेवून दिला. थोरल्याला मिळाली लोकांची भीती. ती त्याला लहानपणापासून मानवते. धाकटी नर्स असल्यामुळे तिच्या वाट्याला आकडे आले: रक्तदाब किती, साखर किती, पाणी किती वाजेपर्यंत. म्हाताऱ्याच्या वाट्याला काय आलं ते मात्र तीन वाजेपर्यंत कुणालाच कळलं नाही, कारण तीन वाजेपर्यंत तो नखं कापत होता.

उद्या सकाळी सातला त्याची छाती उघडायची होती. आज सहाला भरती. पाचला चर्चचे पाळक प्रार्थनेला येणार होते, म्हणून थोरल्याने सदरा बदलला होता आणि बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या दोनदा मोजल्या होत्या.

दहावं नख कागदात गुंडाळून म्हातारा म्हणाला, "मागच्या दगडाचं तोंड उतरवून टाका. आजच. मी जायच्या आत."

थोरल्याला वाटलं, गंमत करताहेत. पण म्हाताऱ्याने आयुष्यात एकूण तीन गंमती केल्या होत्या आणि तिन्ही थोरल्याला पाठ होत्या. ही त्यातली नव्हती.

"कुठल्या दगडाचं, बाबा?"

"आपल्या. माझ्या नि तुझ्या आईच्या."

तीन पिढ्या हे घर थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरत आलं. घरातला कारागीर साठीला पोचला की स्वतःचा दगड स्वतः कोरतो, फक्त शेवटच्या तारखेची जागा मोकळी ठेवतो, हा इथला जुना नेम. म्हाताऱ्याने नऊ वर्षांपूर्वी कोरला. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे बायकोचं, आणि दोघांच्या नावाखाली, बरोबर मधोमध, एकच ओळ: विश्वासाने तरले. दोन वेगळ्या ओळींपेक्षा एक ओळ मधोमध डौलदार दिसते, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तो दगड मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभा होता. ऊन असलं की आई त्याच्या वरच्या कडेवर मोजे वाळत घालायची. अक्षरांवर येणार नाहीत असे.

आणि दगडावरची एक ओळ खोडता येत नाही. सगळं तोंड घासून खाली न्यावं लागतं, सगळ्यात खोल अक्षराचा तळ जाईपर्यंत. ओळीबरोबर नावं जातात, तारखा जातात. उरते कोरी पाटी.

"पण का?" थोरल्याने विचारलं.

"खोटं आहे म्हणून."

नर्सने वडिलांचं मनगट धरलं. नाडी बघायला धरलं असं तिने दाखवलं.

"परवा त्या नळीत घातलं ना मला, फोटो काढायला," म्हातारा म्हणाला. "वीस मिनिटं हलायचं नाही म्हणाले. म्हटलं, बरं झालं, प्रार्थना करू. डोळे मिटले. आणि काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तिकडे कुणी नव्हतंच. बंद दुकानाच्या दारात उभं राहिल्यासारखं झालं. मग मी काय केलं सांगू? अक्षरं मोजली. पहिल्या दगडापासून. कुणाच्या नावात किती, कुणाच्या वचनात किती. वीस मिनिटं झाली तेव्हा मी धंद्याच्या अकराव्या वर्षापर्यंत आलो होतो."

"बाबा, नळीत सगळ्यांचंच तसं होतं," नर्स म्हणाली. "आमच्याकडे एकजण बसगाड्यांचे नंबर म्हणत होता. चांगला देवभीरू माणूस."

"त्याच्या दगडावर ओळ आहे का?"

"तो बरा होऊन घरी गेला, बाबा!"

थोरला खुर्चीच्या कडेला सरकला. चर्चच्या मंडळीच्या कमिटीवर तो सहा वर्षं होता आणि वादाला कुठे धरायचं हे त्याला ठाऊक होतं. "हे बघा, तारण कर्मांनी होत नाही. विश्वासाने होतं. मला हे कुणी शिकवलं? तुम्हीच."

"तेच तर!" म्हातारा ओरडलाच, आणि नर्सने मनगट घट्ट धरलं. "कर्मांवर असतं तर मी निर्धास्त झोपलो असतो रे. माझ्या कामात खोट दाखव. एक अक्षर दाखव वाकडं. पण तिथं कामाचं कुणी विचारतच नाही! जे विचारतात तेवढंच माझ्याकडे नाही. आणि मी आपला नऊ वर्षं ते दगडावर लिहून मोकळा."

चर्चमध्ये साठ-सत्तर कुटुंबांसमोर थोरल्याने दोनदा साक्ष दिली होती, आणि दोन्ही वेळा सुरुवात एकच होती: माझ्या वडिलांचा विश्वास. आता पाळक पाचला येणार, म्हातारा त्यांच्यापुढे हेच बोलणार, पाळक घरी जाऊन पाळकबाईंना सांगणार, आणि मग रविवारची सुद्धा वाट बघावी लागणार नाही. त्याच्या मनात आलं की बाबांनी निदान ऑपरेशननंतर तरी... आणि 'नंतर' या शब्दाला तो अडखळला. लोकांची भीती होती तिथे दुसरीच कसली तरी येऊन बसली.

"आणि एकासाठी एक माप, दुसऱ्यासाठी दुसरं, हे या घरात चालणार नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणून तुमच्या काकूलाही बोलावलंय."

*

काकू साडेतीनला आली. गळ्यात मोजपट्टी तशीच. शिवणकाम अर्धं टाकून आली होती. म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाची ही बायको. भाऊ जाऊन बावीस वर्षं झाली. दगडाची धूळ त्याच्या छातीत साठली आणि दोन वर्षांत त्याला संपवून गेली. त्याचा दगड म्हाताऱ्याने स्वतः कोरला: नाव, दोन तारखा, त्याखाली काहीच नाही.

इतर ठिकाणी ती ओळ मागितली की मिळते. या दुकानात ती जोखून मिळते. माणूस खरंच विश्वासात गेला अशी खात्री पटली तरच छिन्नी उचलायची, हा म्हाताऱ्याच्या बापाचा दंडक. म्हातारा तो इतका काटेकोर पाळायचा की गावाने त्याचं नाव ओळंबा ठेवलं. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतो, तो. ओळंबा कुणाच्या बाजूने झुकत नाही. सख्ख्या भावाच्याही झुकला नाही, आणि त्याचं गावाला फार कौतुक वाटलं. गावाला स्वतःच्या भावाबद्दल असं काही करायचं नसतं.

काकूला वाटलं होतं, उद्या ऑपरेशन, म्हणजे आज माफी. माफीला द्यायचं उत्तर तिने बावीस वर्षं घासूनपुसून तयार ठेवलं होतं. त्यात चार वाक्यं होती आणि चौथं फार लागणारं होतं. वाटेत तिने ते दोनदा म्हणूनही पाहिलं.

आत आली तर म्हातारा खुर्चीत बसलेला. नखं कापलेली, केस विंचरलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला तयार करून बसवावं तसा. आणि डोळे. ते डोळे तिने पूर्वी एकदा पाहिले होते, दुसऱ्या चेहऱ्यावर.

चौथं वाक्य गेलं. पहिली तिन्हीही कुठे गेली कळलं नाही. राग मात्र होता तिथेच होता. तो एवढ्याने जाणारा नव्हता.

"बस," म्हातारा म्हणाला. "तुझ्या नवऱ्याने जायच्या आधी मला काय सांगितलं होतं ते तुला आठवतं?"

"मला आठवतं. तुम्हाला आठवतं का ते सांगा, भाऊजी."

"म्हणाला, दादा, प्रार्थनेला बसतो नि काहीच येत नाही. तिकडे कुणी आहे असं वाटतच नाही. भीती वाटते." म्हातारा थांबला. "मी म्हटलं, देवावर भरवसा असलेला माणूस भीत नाही. आणि ओळ कोरली नाही."

"कोरली नाहीत."

"आता मी तसाच. शब्दाला शब्द. म्हणून माझीही उतरवतोय. तुझ्यासमोर. म्हणजे हिशेब सरळ झाला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातली बशी तिने दोन्ही हातांनी धरली.

"छान," काकू म्हणाली. "म्हणजे माझ्या नवऱ्याला एकट्याला बरं वाटेना म्हणून तुम्ही सोबतीला बुडणार. आणि मी काठावरून टाळ्या वाजवायच्या."

"काकू!" थोरला म्हणाला.

"तू गप रे. तेव्हाही तू ग्राइंडर धरून उभा होतास. तोंड तेव्हाही मिटलेलंच होतं."

थोरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. ती जागा मोकळी का, हे त्याने वडिलांना विचारलं नव्हतं. कमिटीवर त्याने पुढे पुष्कळ प्रश्न विचारले. तो एक राहिला.

काकूने गळ्यातली मोजपट्टी काढून हाताला गुंडाळायला घेतली. "मी एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, भाऊजी. कुणालाच सांगितली नव्हती. शेवटचे तीन दिवस त्यांनी देवाला शिव्या दिल्या."

म्हाताऱ्याने मान वर केली.

"रोज. दम पुरेना तर थांबून थांबून. नाव घेऊन. सगळी नावं घेऊन, आपण प्रार्थनेत घेतो ती. म्हणायचे, माझी छाती धुळीने भरलीस, पोरगी चार वर्षांची आहे, लाज वाटते का तुला? आणि मधल्या शिव्या मी सांगत नाही. दुकानात शिकलेले होते, तुम्हाला माहीतच आहेत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तारखासुद्धा कोरल्या नसत्या!"

नर्सला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घातलं.

"मीही घाबरून गप्प बसले," काकू म्हणाली. आवाज खाली आला होता. "वाटलं, आधीच ओळ नाही, त्यात हे कळलं तर लोक म्हणतील थेट नरकात गेला. बावीस वर्षं लपवलं. परवा मशीनवर बसले होते, बाही लावत होते, आणि मनात आलं, माणूस भिंतीला नाव घेऊन शिव्या देतो का? समोर कुणी नाही असं खरंच वाटत असेल तर एवढा जीव तोडून भांडेल कुणाशी?"

"माणसं रिकाम्या खोलीतही बोलतात, काकू," नर्स हळूच म्हणाली. "मी बघते ना रोज."

"बोलत असतील. पण उत्तराची वाट बघत नाहीत. हे बघायचे. शिवी देऊन कान देऊन पडायचे."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हाताऱ्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. "मी शिवीसुद्धा दिली नाही," तो म्हणाला. "मोजत बसलो."

आता तो उघडउघड घाबरला होता. हात मांडीवर ठेवले तरी हलत होते, आणि या हातांना हलताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. नर्सने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि कुणाला सांगितला नाही.

*

आई लग्न होऊन आली तेव्हापासून या घरातल्या प्रार्थनेत तिची एक खोड होती. सगळे डोळे मिटायचे आणि ती नवऱ्याकडे बघायची. त्याचा चेहरा शांत झाला की तिला वाटायचं, पोचलं. मग ती आमेन म्हणायची. स्वतः डोळे मिटून पाहिले होते तिने, पहिल्या वर्षी; आत बाजारचीच यादी दिसायची. पुढे तिने नाद सोडला. एका घरात एकाकडे भक्कम असलं की पुरे, असं तिने ठरवलं. दार त्याच्यासाठी उघडेल तेव्हा आपण त्याच्या मागोमाग आत शिरू. एवढ्या गर्दीत कोण बघतंय.

म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्याने दोघांच्या नावाखाली एकच ओळ घातली तेव्हा बाकीच्यांना ती डौलदार वाटली. आईला सुटल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याच्या हातचं अक्षर, खोटं कसं असेल.

आणि आता तो म्हणत होता, माझ्याकडे नाहीच.

हातातली बशी तिने खाली ठेवली. ती ठेवताना वाजली.

"अहो," आई म्हणाली, "ती ओळ माझीही आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानेही, आणि त्याला ते आधी सुचलंच नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसलं. मधोमध बसवायच्या नादात त्याने मोजमाप सगळं घेतलं होतं; बायकोला विचारलं नव्हतं.

"कोरताना विचारलं नाहीत. आता घासताना तरी विचाराल?"

"अगं, तुझं खरंच आहे. तुझी वेगळी कोरून देईल हा..."

"माझं काही खरं नाही!" आईचा आवाज फुटला. "माझ्याकडे काय आहे? मी तुमच्याकडे बघून आमेन म्हणत आले. इतकी वर्षं. तुमचं आहे म्हणून माझं आहे, असं धरून चालले. आता तुम्ही म्हणता, तिकडे कुणी नाही. मग मी कुणाच्या मागे उभी होते? उद्या सातला तुम्ही आत जाणार, दार लावून घेतील, आणि मी बाहेर बाकावर काय करू? मी कुणाकडे बघू?"

थोरला उठला. आईजवळ गेला, पण हात कुठे ठेवावा ते त्याला समजेना, म्हणून त्याने बशी उचलली.

मागच्या आवारात वाऱ्याने ताडपत्री फडफडली.

"बाबा," शेवटी थोरलाच म्हणाला, आणि बोलला ते ऐकून त्यालाच नवल वाटलं. "सगळ्यांना एकच माप म्हणालात ना? मग ते दोन्हीकडून सारखं होतं. तुमची उतरवली तरी होतं. काकांची कोरली तरी होतं."

काकूची मोजपट्टी गुंडाळायची थांबली.

"पाळक येतील पाचला," नर्स म्हणाली.

"येऊ देत," थोरला म्हणाला. खुर्च्या दोनदा मोजणारा माणूस हे म्हणाला.

*

दफनभूमी दोन गल्ल्या सोडून, चर्चच्या मागे. म्हाताऱ्याला रिक्षातून नेलं. छिन्न्यांची पिशवी थोरल्याकडे, कारण नर्सची अट होती: हातोडी उचलायची नाही, वाकायचं नाही, आणि ती "पुरे" म्हणाली की पुरे. फक्त आखायचं. या धंद्यात आखणारा एक आणि कोरणारा दुसरा असतोच. अक्षर आखणाऱ्याचं, घाव कोरणाऱ्याचे.

काकूने ओल्या फडक्याने दगड पुसला. नाव, दोन तारखा, आणि खाली मोकळी जागा. तीत बावीस वर्षांची बारीक काळी बुरशी धरली होती. ती पुसली तरी पुरती गेली नाही.

म्हातारा स्टुलावर बसला. चपटा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि पहिलं अक्षर आखायला घेतलं. हात थरथरला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरीही थरथरला. सात अक्षरांना वीस मिनिटं लागली, आणि शेवटच्या अक्षराशी ओळ उजवीकडे खाली उतरली होती. लहान मुलाच्या वहीतल्यासारखी.

त्याने मागे सरकून बघितलं. "किती?"

थोरल्याने डोळा बारीक केला. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. "दोन सूत. पाव इंच भरेल."

"पुसून परत आखतो."

"राहू दे," काकू म्हणाली.

"वाकडी आहे गं."

"दिसतंय मला. शिवणकाम करते मी. राहू दे म्हटलं ना."

म्हाताऱ्याने ब्रश खाली ठेवला. मग आईकडे न बघता विचारलं, "आणि आपली?"

"आपल्या दगडाला तुम्ही येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. "खोटी असेल तर परत या आणि स्वतःच्या हाताने उतरवा. मी शेजारी उभी राहीन. पण परत या."

त्याने मान हलवली. कबूल केलं की नुसती हलली, ते तिला कळलं नाही. भीती तिच्या पोटात होती तशीच होती, तसूभर कमी नाही.

थोरल्याने गुडघे टेकले, छिन्नी पहिल्या अक्षरावर धरली आणि घाव घातला. पांढरी धूळ उडाली. दुसरा घाव. तिसरा. म्हातारा स्टुलावर बसून बघत होता आणि त्याचे ओठ हलू लागले. पुन्हा मोजतोय, आईला वाटलं. उद्या आत जाईपर्यंत हा आता मोजतच राहणार.

ती जवळ सरकली. कान लावला.

तो मोजत नव्हता. दबक्या आवाजात, दातओठ खात, दुकानात शिकलेल्या भाषेत तो कुणाला तरी फैलावर घेत होता. भावाच्या छातीतल्या धुळीबद्दल. या हातांबद्दल. त्या नळीत गप्प बसल्याबद्दल. एक शिवी हासडायचा, थांबायचा, मान जराशी कलती करायचा, आणि मग पुढची. नाव घेऊन.

तेवढ्यात घरी रिकाम्या खुर्च्या बघून आणि घावांचा आवाज ऐकून पाळक फाटकातून आत आले. घामाघूम झालेले, काखेत पुस्तक. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, वाकड्या ओळीकडे पाहिलं, आणि काही विचारू नये हे त्यांच्या लक्षात आलं. घसा खाकरून ते आईला हळूच म्हणाले, "मग, प्रार्थना सुरू करू या का?"

आईने नवऱ्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. हात वर करून तिने पाळकांना थांबवलं.

"थांबा," ती म्हणाली. "सुरू आहे."